तालमीतून शाळेकडे नेणारा वस्ताद

१४ नोव्हेंबर हा दिवस देशभर बालदिन म्हणून साजरा होतो. शाळाशाळांतून पंडित नेहरूंच्या प्रतिमेला हार घातले जातात, मुलांना खाऊ वाटला जातो. महाराष्ट्रातील अनेक वस्त्यांमध्ये मात्र याच दिवशी आणखी एका पुरुषाची जयंती होते. डोक्याला पागोटे, भरघोस मिशा आणि पिळदार शरीरयष्टी असलेल्या या पुरुषाचे नाव लहुजी राघोजी साळवे. लोक त्यांना लहुजी वस्ताद म्हणून ओळखतात. ज्यांनी आयुष्याची सहा दशके मुलांना आणि तरुणांना घडविण्यात घालविली, त्यांची जयंती बालदिनीच यावी हा योगायोग असला, तरी तो अर्थपूर्ण आहे.

आज शहरातील मध्यमवर्गीय घरांत मुलांना स्वसंरक्षणाचे शिक्षण द्यायचे म्हटले की कराटे किंवा कुंग फूच्या वर्गाची चौकशी सुरू होते. १९७३ साली ब्रूस लीचा ‘एन्टर द ड्रॅगन’ जगभर गाजला आणि चिनी युद्धकलेची मोहिनी भारतीय तरुणांवरही पडली. हेनान प्रांतातील शाओलिन मठाचे नाव आज इथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. कुंग फू या शब्दाचा मूळ अर्थ दीर्घ परिश्रमाने कमावलेले कौशल्य असा आहे. ते कौशल्य देणाऱ्या गुरूला तिकडे शिफू म्हणतात आणि त्याचे स्थान पित्याच्या बरोबरीचे मानतात. या परंपरेविषयी कौतुक वाटावे यात वावगे काही नाही. पण असेच कौशल्य देणारी आणि अशाच गुरूंना मानणारी परंपरा आपल्याही मातीत होती, याचा विसर पडू लागला आहे.

मुंबई-नागपूर महामार्गावर मलकापूर आणि नांदुरा यांच्या दरम्यान वडनेर भोलजी हे बुलढाणा जिल्ह्यातील गाव लागते. तेथून जवळच नांदुऱ्याला महामार्गालगत हनुमानाची १०५ फूट उंच मूर्ती उभी आहे. हनुमान हे महाराष्ट्रातल्या प्रत्येक तालमीचे दैवत. याच जिल्ह्यातील सिंदखेडराजा हे जिजाऊंचे जन्मस्थान. शिवरायांना बालपणीच शस्त्रविद्येचे धडे मिळावेत म्हणून त्यांनी घेतलेल्या काळजीच्या कथा या भागातील घराघरांत सांगितल्या जातात. शस्त्रविद्या ही मुलांना द्यायची गोष्ट आहे, ही जाणीव या प्रदेशाला नवी नाही. ती कोणाच्या मुलांना द्यायची, हा मात्र इतिहासातला कळीचा प्रश्न होता. लहुजींच्या आयुष्याने त्याचे उत्तर दिले.

पुरंदरच्या पायथ्याशी

लहुजींचा जन्म १४ नोव्हेंबर १७९४ रोजी पुरंदर किल्ल्याच्या पायथ्याशी असलेल्या पेठ या गावी झाल्याचे मानले जाते. वडिलांचे नाव राघोजी, आईचे विठाबाई. कुटुंब मांग समाजातले. किल्ल्यांची राखण, पहारा आणि लढाईत पडेल ते काम ही पुरंदर परिसरातील मांग, महार आणि रामोशी घराण्यांची पिढीजात जबाबदारी होती. गडावर त्यांची गरज असे. गावात मात्र त्यांची सावलीही नकोशी असे. या विसंगतीतच लहुजींचे बालपण गेले.

राघोजींची ताकद आणि शस्त्रकौशल्य यांविषयी अनेक आख्यायिका आहेत. पेशव्यांच्या शिकारखान्याचे काम त्यांच्याकडे होते, असे परंपरा सांगते. लहुजींचे पहिले गुरू तेच. दांडपट्टा, तलवार, भाला, गोळीची निशाणबाजी, घोडदौड ही विद्या मुलाने वडिलांकडून घेतली. त्या काळी अशी विद्या पुस्तकात नव्हती. ती एका शरीरातून दुसऱ्या शरीरात उतरत असे. बापाने मुलाला दिली नाही, तर ती त्याच पिढीत संपत असे.

खडकीची लढाई

लहुजी बावीस-तेवीस वर्षांचे असताना मराठी राज्यावर अखेरचे संकट आले. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीच्या मैदानावर दुसऱ्या बाजीरावाचे सैन्य आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणी समोरासमोर उभ्या ठाकल्या. पेशव्यांच्या बाजूने बापू गोखले यांनी नेतृत्व केले. संख्येने मोठे असूनही पेशव्यांच्या सैन्याला यश आले नाही. पुढच्या दोन आठवड्यांतच, १७ नोव्हेंबर रोजी, शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. जून १८१८ मध्ये बाजीरावाने शरणागती पत्करली आणि वार्षिक आठ लाखांच्या तनख्यावर तो गंगाकाठी बिठूरला निघून गेला.

या धामधुमीत राघोजी साळवे लढता लढता धारातीर्थी पडले, असे लहुजींचे चरित्रकार सांगतात. पित्याचा मृत्यू डोळ्यांसमोर पाहिलेल्या लहुजींनी पुढील आयुष्य देशासाठी देण्याची प्रतिज्ञा केली आणि संसार न मांडता ते अखेरपर्यंत अविवाहित राहिले, ही स्मृती समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे.

राज्य गेले, त्याबरोबर सैन्यही गेले. हजारो शिपायांच्या हातचे काम सुटले. काही शेतीकडे वळले, काही कंपनीच्या पलटणीत गेले, तर काहींनी डोंगरांचा आश्रय घेऊन बंड पुकारले. पुरंदरच्याच परिसरातील उमाजी नाईकांनी इंग्रजांना कित्येक वर्षे बेजार केले. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी त्यांना पुण्यात फाशी देण्यात आली. लहुजींपुढेही बंडाचा मार्ग होता. त्यांनी वेगळी वाट धरली. आपण एकट्याने लढण्यापेक्षा लढणारी पिढी तयार करावी, असा त्यांचा विचार झाला. त्यांनी तालीम काढली.

तालीम म्हणजे काय

तालीम हा शब्द मराठीत आता कुस्तीच्या आखाड्यापुरता उरला आहे. मूळ अरबीत त्याचा अर्थ शिक्षण असा आहे. गांधीजींनी १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत मूलोद्योगी शिक्षणाची कल्पना मांडली, तेव्हा तिला नई तालीम हे नाव मिळाले, ते याच अर्थाने. वस्ताद हा शब्द फारसी उस्तादवरून आला. त्याचाही अर्थ शिक्षक. म्हणजे लहुजी वस्ताद या नावातच शिक्षक दडलेला आहे. त्यांच्या जीवनकार्याकडे पाहिले, तर हे दोन्ही शब्द त्यांनी त्यांच्या पूर्ण अर्थाने वापरले असे म्हणावे लागते.

पुण्यातील रास्ता पेठेत १८२२ च्या सुमारास लहुजींनी पहिली तालीम सुरू केल्याचे सांगितले जाते. पुढे गंज पेठेतील त्यांची तालीम नावारूपाला आली. ही पेठ आज महात्मा फुले पेठ म्हणून ओळखली जाते. पेशवाईतील बड्या सरदारांच्या तालमी त्यांच्या आश्रयावर चालत. लहुजींच्या पाठीशी ना जहागीर होती, ना राजाश्रय. होती ती केवळ अंगची विद्या आणि ती शिकायला येणारी मुले.

तालमीतला दिवस पहाटे सुरू होतो. मारुतीला नमस्कार करून मुले मातीत उतरतात. हौद्यातील तांबडी माती चाळून, तिच्यात ताक, तेल, हळद मिसळून ती मऊ केलेली असते. जोर, बैठका, मुद्गल फिरवणे, मल्लखांब यांनी आधी शरीर तयार होते. शस्त्र त्यानंतर हाती येते, आणि तेही लगेच खरे नव्हे. आधी काठी, मग फरीगदगा, मग बोथाटी अशा पायऱ्या असतात. फरी म्हणजे लहान ढाल, गदगा म्हणजे कातड्याने मढवलेली काठी आणि बोथाटी म्हणजे बोथट टोकाचा सरावाचा भाला. चुकून लागले तरी जीव जाऊ नये, पण चूक मात्र लक्षात राहावी, अशी ही योजना.

दांडपट्टा ही या विद्येतील अवघड पायरी. पट्ट्याचे पाते लांब, सरळ आणि लवचिक असते. हात कोपराच्या जवळपर्यंत ज्या लोखंडी मुठीत जातो, तिला खोबळा म्हणतात. तलवार चालवताना मनगट वळवता येते. पट्ट्यात मनगट जखडलेले असते. त्यामुळे वार खांद्यातून, कमरेतून आणि मुख्य म्हणजे पायांतून यावा लागतो. पाऊल चुकले, तर लवचिक पाते उलटून स्वतःलाच लागण्याची भीती. म्हणूनच दांडपट्टा शिकवणारा वस्ताद मुलाच्या हाताकडे नंतर पाहतो, आधी त्याच्या पायांकडे पाहतो. पवित्रा पक्का होईपर्यंत महिनोन्‌महिने तीच पावले घटवून घेतली जातात. जमिनीवर ठेवलेले लिंबू फिरत्या पट्ट्याने नेमके कापणे ही या शिक्षणाची परीक्षा मानली जाते. ताकद असून भागत नाही. नजर, तोल आणि संयम लागतो.

या शिक्षणाची आणखी एक बाजू होती. ते दुरून देता येत नाही. वस्तादाला मुलाचा खांदा धरून सरळ करावा लागतो, कोपर उचलावे लागते, पाय सरकवावा लागतो. कुस्तीत तर अंगाला अंग भिडतेच. ज्या पुण्यात स्पर्शाने विटाळ होत असे, त्याच पुण्यात मांग समाजातील एका वस्तादाकडे ब्राह्मण, माळी, मराठा अशा सर्व जातींची मुले शिकायला येऊ लागली. विद्या हवी असेल, तर विद्या देणाऱ्याचा हात लागणारच होता. सामाजिक सुधारणेचा शब्दही न उच्चारता लहुजींच्या तालमीत एक बंधन सैल होत होते.

जोतिरावांचे वस्ताद

या तालमीत आलेल्या तरुणांमध्ये सर्वांत मोठे नाव जोतिराव फुले यांचे. ११ एप्रिल १८२७ रोजी जन्मलेले जोतिराव गंज पेठेतच राहत. मिशनऱ्यांच्या शाळेत इंग्रजी शिकत असतानाच ते लहुजींकडे दांडपट्टा आणि गोळीची निशाणबाजी शिकले. ही गोष्ट जोतिरावांनी स्वतः आपल्या लेखनात नोंदवून ठेवली आहे. इंग्रजी सत्ता उलथवून टाकावी, हा विचार त्या वयात आपल्या मनात होता आणि त्यासाठीच ही विद्या घेतली, हेही त्यांनी लपविले नाही. सदाशिव बल्लाळ गोवंडे, मोरो विठ्ठल वाळवेकर या त्यांच्या ब्राह्मण मित्रांचा उल्लेखही या तालमीच्या संदर्भात येतो.

१८४८ हे साल जोतिरावांच्या आयुष्याला वळण देणारे ठरले. एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत त्यांचा जातीवरून अपमान झाला. परकी सत्ता घालवली तरी घरची गुलामगिरी कायम राहणार असेल, तर त्या स्वातंत्र्याचा उपयोग कोणाला, हा प्रश्न त्यांना पडला. त्याच वर्षी बुधवार पेठेतील भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. हातातला पट्टा बाजूला ठेवून जोतिरावांनी पाटी-पेन्सिल जवळ केली.

शिष्याने अशी वाट बदलल्यावर गुरूने काय करावे? लहुजींचे वय तेव्हा पन्नाशीच्या पुढे गेले होते. सशस्त्र उठावाचे स्वप्न उराशी धरून त्यांनी पंचवीस वर्षांहून अधिक काळ तरुण घडविले होते. आपला सर्वांत तेजस्वी शिष्य शस्त्र सोडून शाळा काढतो आहे, हे पाहून ते रुसू शकले असते. लहुजी शिष्याच्या मागे उभे राहिले. त्यांच्या चरित्रातील हा सर्वांत मोलाचा प्रसंग म्हटला पाहिजे.

तालमीतून शाळेत

मुलींच्या शाळांपाठोपाठ जोतिरावांनी महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा सुरू केल्या. १८५२ मध्ये वेताळ पेठेत अशी शाळा निघाली. शाळा काढणे एक वेळ सोपे होते. मुले आणणे कठीण होते. अस्पृश्य वस्त्यांतील आईबापांना शिक्षणाचे भय वाटे. अक्षर शिकले तर देव कोपेल, गावकरी कोपतील, अशी समजूत पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या मनात रुजवली गेली होती. शिवाय लहान मूलही घरच्या कामाला हातभार लावत असे. त्याला शाळेत धाडणे म्हणजे घरातला एक हात कमी होणे.

या वेळी लहुजी आणि राणबा महार हे दोघे वस्तीवस्तीत फिरले. घरोघरी जाऊन त्यांनी पालकांना समजावले आणि मुलांना शाळेत आणले. फुले चरित्रात या दोघांची नावे आदराने घेतली जातात. ज्या पिढीला अक्षरांची दारे बंद होती, त्या पिढीतील हे लोक. तरीही शिक्षणाचे मोल त्यांनी अचूक ओळखले. एखाद्या सुशिक्षित पाहुण्याने सांगून जे झाले नसते, ते लहुजींच्या शब्दाने झाले. वस्तीला त्यांचा धाक होता, त्याहून अधिक त्यांच्यावर भरवसा होता. आपल्या मुलाचे शरीर ज्याच्या हवाली केले, त्याच्या सांगण्यावरून मुलाला शाळेत पाठवायला आईबाप तयार झाले.

शाळेचा मार्ग निर्वेध नव्हता. शिकवायला निघालेल्या सावित्रीबाईंच्या अंगावर चिखल, शेण फेकले जात होते. जोतिरावांना घर सोडावे लागले होते. १८५६ च्या सुमारास त्यांच्यावर मारेकरीही घालण्यात आले. अशा दिवसांत फुले दांपत्याच्या रक्षणासाठी लहुजींच्या तालमीतील तरुण पाठीशी असत, असे परंपरेने सांगितले जाते. दांडपट्ट्याची विद्या ज्या हेतूने दिली होती, तो हेतू बाजूला राहिला. ती विद्या एका शाळेच्या वाटेवर पहारा देण्याच्या कामी आली.

१६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबाग वाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते जोतिरावांचा शिक्षणकार्याबद्दल सत्कार झाला. समारंभात मान जोतिरावांना मिळाला आणि तो योग्यच होता. पण त्या सत्कारामागे वस्त्यांतून मुले गोळा करणाऱ्या वस्तादाचेही पाय झिजले होते, हे विसरून चालणार नाही.

मुक्ताचा निबंध

लहुजींनी शाळेत आणलेल्या मुलांमधून काय निष्पन्न झाले, याचा एक लेखी पुरावा उपलब्ध आहे आणि तो विलक्षण आहे. लहुजींच्या नात्यातली, अनेक चरित्रकारांच्या मते त्यांची नात लागणारी, मुक्ता साळवे ही मुलगी फुले यांच्या शाळेत शिकत होती. शाळेत जेमतेम काही वर्षे काढलेल्या या किशोरवयीन मुलीने महार-मांगांच्या दुःखांविषयी निबंध लिहिला. ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाने तो १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ च्या अंकांत दोन भागांत छापला. मराठीत दलित स्त्रीने केलेले हे सर्वांत जुने ज्ञात लेखन मानले जाते.

मुक्ताने या निबंधात धर्माला, राज्यकर्त्यांना आणि समाजाला रोखठोक प्रश्न विचारले. वेदांवर आपला अधिकार नसेल, तर आपला धर्म कोणता, असा तिचा सवाल होता. त्यातच तिने पेशवाईतील एका भयंकर प्रथेचे वर्णन केले. बाजीरावाच्या अमदानीत एखादा महार किंवा मांग तालीमखान्यासमोरून गेला, तर त्याचे शिर उडवून गुलटेकडीच्या मैदानात तलवारीच्या दांडूने त्याचा चेंडूसारखा खेळ केला जाई, असा आरोप तिने नोंदविला. तालमीच्या नुसत्या दारावरून जाण्याचीही ज्यांना बंदी होती, त्यांनी विद्या मिळवायची कशी, हा तिच्या म्हणण्याचा रोख होता.

हे लिहिणारी मुलगी लहुजींच्या घरातली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या ओळींचे वजन कळते. एका पिढीत तालमीसमोरून जाणेही जिवावर बेतणारे होते. पुढच्याच काळात त्याच समाजातील एका माणसाने त्याच शहरात स्वतःची तालीम काढली आणि तिचे दार सर्वांसाठी उघडे ठेवले. तिसऱ्या पिढीतील मुलीने त्या अन्यायाची हकिकत स्वतःच्या हाताने लिहून छापून आणली. पुण्यातील तीन पिढ्यांचा हा प्रवास लहुजींच्या आयुष्याच्या मर्यादेत घडला.

दुसरा शिष्य, दुसरी वाट

लहुजींच्या तालमीतून निघालेली दुसरी वाट वासुदेव बळवंत फडके यांची. ४ नोव्हेंबर १८४५ रोजी आजच्या रायगड जिल्ह्यातील शिरढोण येथे जन्मलेले फडके पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरीला होते. आई आजारी असताना रजा वेळेवर मिळाली नाही आणि अखेरची भेट हुकली. त्या घटनेने त्यांच्या मनातील असंतोष पेटला. पुण्यात असतानाच त्यांनी लहुजींकडे शस्त्रविद्या घेतली. लोकमान्य टिळकांचे नावही या तालमीशी जोडले जाते.

१८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळात फडक्यांनी खेड्यांतील उपासमार पाहिली. रामोशी, कोळी, धनगर अशा समाजातील तरुणांना एकत्र करून त्यांनी फेब्रुवारी १८७९ मध्ये उठाव केला. जुलै महिन्यात विजापूरजवळच्या देवर नावदगी येथे ते पकडले गेले. पुण्यात खटला चालून त्यांना जन्मठेप झाली आणि एडनला पाठविण्यात आले. विशेष म्हणजे हे फडकेही शिक्षणकार्यापासून दूर नव्हते. पुण्याच्या पूना नेटिव्ह इन्स्टिट्यूशनच्या संस्थापकांत वामन प्रभाकर भावे आणि लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्यासह त्यांचे नाव घेतले जाते. हीच संस्था पुढे महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी झाली.

एका शिष्याने शस्त्र ठेवून शाळा काढली, दुसऱ्याने शाळेच्या कामातून उठून शस्त्र हाती घेतले. दोघांचेही गुरू एकच होते. लहुजींनी कोणा एकाची बाजू घेऊन दुसऱ्याला दूर लोटल्याची कथा परंपरेत नाही. शिष्याला सामर्थ्य द्यावे, त्याचा उपयोग कोठे करायचा हे त्याच्या विवेकावर सोपवावे, अशी त्यांची रीत दिसते. खऱ्या गुरूची ही रीत पूर्वेकडच्या कोणत्याही युद्धकलेच्या परंपरेत मान्य होईल अशीच आहे.

अखेरचे दिवस

दरम्यान सरकारने तालमींच्या मुळावरच घाव घातला होता. १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय हत्यार बाळगणे गुन्हा ठरले. तलवार, भाला, पट्टा यांची जागा हळूहळू लाठी-काठीने घेतली. शस्त्रविद्या प्रात्यक्षिकांपुरती, मिरवणुकांपुरती उरली. लढाईची कला मर्दानी खेळ म्हणून ओळखली जाऊ लागली. कोल्हापूर, पुणे येथील आखाड्यांनी ती निष्ठेने जपली, म्हणूनच आज ती आपल्याला दिसते.

लहुजींनी हे सारे पाहिले. पेशवाईचा अस्त, १८५७ चा उठाव, १८७३ मध्ये स्थापन झालेला सत्यशोधक समाज, फडक्यांचे बंड आणि त्यांची शिक्षा, असा जवळजवळ शतकाचा पट त्यांच्या डोळ्यांसमोरून गेला. १७ फेब्रुवारी १८८१ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय ८६ वर्षांचे होते. संगमवाडी येथे त्यांची समाधी आहे. बरोबर दोन वर्षांनी, १७ फेब्रुवारी १८८३ रोजी, वासुदेव बळवंत फडके यांनी एडनच्या तुरुंगात अखेरचा श्वास घेतला. गुरू-शिष्यांची पुण्यतिथी एकाच तारखेला येते.

स्मरण आणि विस्मरण

मृत्यूनंतर दीर्घकाळ लहुजी इतिहासाच्या पुस्तकात तळटिपेपुरतेच राहिले. फुले चरित्रात एक वाक्य, फडके चरित्रात एक वाक्य, यापलीकडे त्यांची दखल घेतली गेली नाही. त्यांची आठवण जपली ती मातंग समाजाने, पोवाड्यांतून, जयंतीच्या मिरवणुकांतून आणि तोंडी कथांतून. २००३ मध्ये राज्य सरकारने मातंग समाजाच्या स्थितीचा अभ्यास करण्यासाठी आयोग नेमला, तेव्हा त्याला क्रांतिवीर लहुजी साळवे यांचे नाव देण्यात आले. फेब्रुवारी २०२४ मध्ये दांडपट्ट्याला महाराष्ट्राचे राज्यशस्त्र म्हणून मान्यता देण्यात आली. ज्या शस्त्राचे धडे लहुजींनी दिले, त्याला असा मान मिळाला, याचा आनंद सर्वांनाच व्हावा.

तरीही एक गोष्ट राहून जाते. शस्त्राला राजमान्यता मिळाली, पण ते शिकवणाऱ्याला शिक्षक म्हणून मान्यता कितपत मिळाली? शिक्षकदिनी, बालदिनी शाळांतून ज्यांची नावे घेतली जातात, त्यांत लहुजी वस्तादांचे नाव क्वचितच ऐकू येते. क्रांतिवीर म्हणून त्यांची प्रतिमा उभी राहिली. वस्त्यांतून मुले शाळेत आणणारा, शिष्याने निवडलेली नवी वाट समजून घेणारा गुरू मात्र त्या प्रतिमेमागे झाकला गेला.

मुलांना युद्धकला शिकवावी की नाही, हा प्रश्न आजचे पालकही विचारतात. त्याने मूल हूड होईल का, भांडकुदळ होईल का, ही शंका असते. लहुजींची तालीम या शंकेचे उत्तर देते. त्या तालमीत ज्याने पट्टा फिरवायला शिकून घेतले, त्याने पुढे देशातील मुलींसाठी शाळा काढली. मनगटात बळ आले म्हणून त्याने दुर्बळावर हात उगारला नाही. दुर्बळाच्या हाती पाटी दिली. विद्या कोणती यापेक्षा ती कोण देतो आणि कोणत्या संस्कारांसह देतो, यावर सारे अवलंबून असते.

वडनेर भोलजीसारख्या विदर्भातील गावात राहणारे मूल असो की पुण्या-मुंबईच्या सोसायटीतले, त्याने कराटे शिकावे, कुंग फू शिकावे, हवे तर शाओलिनच्या कथाही वाचाव्यात. त्याबरोबरच गंज पेठेतील एका तालमीची गोष्टही त्याच्या कानी पडावी. मांगवाड्यात जन्मलेला एक वस्ताद होता, त्याच्याकडे सगळ्या जातींची मुले शिकत आणि त्यानेच पुढे आपल्या वस्तीतील मुलांचे बोट धरून त्यांना शाळेच्या दारात नेऊन सोडले, एवढे जरी १४ नोव्हेंबरला मुलांना सांगितले गेले, तरी लहुजींची जयंती आणि बालदिन हे दोन्ही एकाच वेळी साजरे झाल्यासारखे होईल.